नाव लागेपर्यंत

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या ज्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपल्या, त्या 'ग्रेज ॲनाटॉमी'तली मूळ चित्रं हेन्री व्हँडाइक कार्टर नावाच्या तरुणाने काढली. पुस्तक 1858 साली लंडनमध्ये बाहेर पडलं आणि त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायचं आणि जे. जे. रुग्णालयात काम करायचं, असा त्यांचा दिनक्रम. तिथे त्यांना पुन्हा पुन्हा एकाच तऱ्हेचा पाय दिसू लागला. सुजून बेढब झालेला, तळव्याला आणि घोट्याला जागोजागी भोकं पडलेली, आणि त्या भोकांतून पुवाबरोबर खसखशीएवढे दाणे बाहेर येताहेत. दुखणं बेताचंच, त्यामुळे माणूस वर्षानुवर्षं तसाच चालत राहायचा आणि डॉक्टरकडे यायचा तो पाय कापायची वेळ आल्यावर. मदुराईकडे हा आजार आधीच नोंदला गेला होता, म्हणून त्याला 'मदुरा फूट' म्हणत. कार्टर यांनी कापलेले पाय चिरून पाहिले, दाणे सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि 1860 साली लिहिलं, की हे बुरशीचं काम आहे. 'मायसेटोमा' हे नावही त्यांचंच.

पुढे ते बरीच वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. 1874 साली या आजारावर त्यांचं सचित्र पुस्तक आलं. काही पायांतले दाणे काळे असतात आणि काहींतले फिके, हे त्यांनी नीट टिपून ठेवलं होतं. दोन्ही प्रकार त्यांनी बुरशीच्याच खाती मांडले, आणि गोम तिथेच होती. 1894 साली अल्जीरियात काम करणाऱ्या विन्सेंट या फ्रेंच डॉक्टरांना एका पायातून जो जीव वाढवता आला, तो पुढे जिवाणू ठरला. बुरशीचा मायसेटोमा वेगळा आणि जिवाणूंचा वेगळा, ही फाळणी पिनॉय या संशोधकांनी 1913 साली पक्की केली. म्हणजे पाय तोच, सूज तीच, भोकंही तीच. आत राहणारे मात्र इतके वेगळे, की एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आणखी एक चूक त्या काळात झाली होती, आणि मला ती पहिलीपेक्षा जास्त बोधक वाटते. मुंबईत अशा पायांतल्या मालावर एक गुलाबी बुरशी उगवून आली. बर्कले या इंग्रज बुरशीतज्ज्ञांनी तिचं 'कायोनिफी कार्टेरी' असं बारसंही केलं. बरीच वर्षं तीच गुन्हेगार मानली गेली. प्रत्यक्षात ती वाटेवरची पाहुणी होती: हवेतून येऊन बसलेली, आजाराशी काडीचाही संबंध नसलेली.

अनोळखी जंतू ओळखण्याच्या सगळ्या खटाटोपात आजही हेच दोन प्रश्न असतात. हा आहे कोण? आणि जो सापडला, तोच दोषी की नुसता तिथे उभा होता? यंत्रं बदलली, रसायनं बदलली, पण हे प्रश्न काही बदलले नाहीत. एखादा नमुना प्रयोगशाळेच्या खिडकीत येतो तिथपासून त्याला नाव लागेपर्यंत काय काय घडतं, ते क्रमाने पाहू. सुरुवात कार्टर यांच्याच पायापासून करू, कारण तो आजार अजून संपलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली त्याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं, म्हणजे दीडशे वर्षांनी त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्याची अधिकृत नोंद झाली.

समजा, ओपीडीत एक आजोबा आलेत. पाय सुजलाय, तीन भोकं आहेत. "आजोबा, पायात काटा कधी मोडला होता?" असं डॉक्टर विचारतात. आजोबा हसतात. "शेतकऱ्याला काटा कवा मोडला ते ध्यानात ऱ्हातंय व्हय, डाक्टर? बाभळीखालीच जन्म गेला." रोगनिदानाची पहिली पायरी इथेच चढून झाली. मायसेटोमाचे जंतू मातीत आणि काट्यांवर असतात आणि कातडीला पडलेल्या बारीक जखमेतून आत शिरतात. ही एवढी ओळ प्रयोगशाळेच्या फॉर्मवर लिहिली गेली, तर पुढचं अर्धं काम सोपं होतं. फॉर्मवर 'पस फॉर कल्चर' एवढंच असेल, तर तो पू नेहमीच्या पुवासारखा वागवला जाईल: दोन दिवस प्लेटवर ठेवतील, वरवरचे स्टॅफिलोकॉकस उगवतील, रिपोर्ट जाईल, आणि आजोबा चुकीची अँटिबायोटिक घेऊन घरी जातील. फॉर्मवरच्या त्या रिकाम्या ओळीने जितके दुर्मीळ जंतू लपवलेत, तितके कुठल्याही बिघडलेल्या यंत्राने लपवले नसतील, असं माझं मत आहे.

पू कापसाच्या स्वॅबवर टिपून पाठवणं इथे फारसं कामाचं नाही, दाणेच मिळायला हवेत. भोकाभोवतीची कातडी स्वच्छ करून, दाबून, बाहेर येणारा माल निर्जंतुक गॉजवर घ्यायचा. नाही तर भोकावर रात्रभर गॉज बांधून ठेवायचं आणि सकाळी त्यात अडकलेले दाणे वेचायचे. त्याहून चांगलं म्हणजे खोलवरचा मांसाचा तुकडा काढायचा आणि त्याचे दोन भाग करायचे. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, तो पॅथॉलॉजीकडे. दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, तो मायक्रोबायॉलॉजीकडे. फॉर्मॅलिन तुकडा टिकवतं, पण त्यातलं सगळं मारतं. मेलेलं काही उगवत नाही, ही गोष्ट सांगायची गरज पडू नये. पण सगळा तुकडा एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून वर 'कल्चर करा' असं लिहिलेले नमुने प्रयोगशाळांत येतच राहतात.

दाणे सलाईनमध्ये खळखळून धुतात, म्हणजे वरचे उपटसुंभ जंतू निघून जातात. मग रंग पाहतात. काळा दाणा म्हणजे बुरशी, बहुतेक वेळा 'मॅड्युरेला'. लाल दाणा म्हणजे 'ॲक्टिनोमॅड्युरा पेलेटिएरी' हा जिवाणू. पांढरा किंवा पिवळट असेल तर दोन्ही शक्यता उघड्या राहतात. मग दाणा दोन काचपट्ट्यांमध्ये चिरडतात. एका पट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. प्रयोगशाळेत याला केओएच म्हणतात; तो माणसाच्या पेशी विरघळवतो, पण बुरशीची भिंत त्याला दाद देत नाही. दुसरी पट्टी ग्रॅम पद्धतीने रंगवतात. हान्स क्रिस्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरांची ही युक्ती 1884 सालची आहे आणि जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत सकाळ अजून तिनेच सुरू होते.

आता पाहायची ती तंतूंची जाडी. बुरशीचा तंतू साधारण 2 ते 5 मायक्रॉन जाड, मध्ये आडवे पडदे, टोकांना कधीकधी फुगलेला. जिवाणूचा तंतू एका मायक्रॉनहूनही बारीक, ग्रॅमच्या रंगात जांभळा, फांद्या फुटलेला. आपली तांबडी पेशी 7 मायक्रॉनची असते, ती शेजारी दिसली की मोजपट्टीची गरज उरत नाही. म्हणजे कार्टर यांना ज्याचा उलगडा झाला नाही, तो अर्ध्या तासात होतो. तंतू बारीक निघाले, तर आणखी एक रंग करतात. क्षयाच्या जंतूला रंगवतात तीच पद्धत, फक्त रंग धुवायला एक टक्क्याचं सौम्य सल्फ्युरिक आम्ल. 'नोकार्डिया' हा जिवाणू तेवढ्या आम्लात लाल रंग सोडत नाही. 'ॲक्टिनोमॅड्युरा' आणि 'स्ट्रेप्टोमायसिस' सोडून देतात.

इथवर जीवाचं पूर्ण नाव लागलेलं नाही, पण आजोबांच्या दृष्टीने मोठा निर्णय झालेला आहे. जिवाणू असेल तर को-ट्रायमोक्साझोल, सोबत बहुधा ॲमिकासिन, काही महिने. आणि पाय बहुतेक वाचतो. बुरशी असेल तर इट्राकोनाझोल, महिनोन्महिने, आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया. पूर्ण नाव सावकाश येऊ दे, घराणं आज कळलं पाहिजे, असा या कामाचा एक अलिखित नियम आहे.

मग कल्चर. इथे लागते ती वाट पाहण्याची तयारी. नेहमीचे जिवाणू एका रात्रीत उगवतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी प्लेट दोन दिवसांनी टाकून देतात. नोकार्डियाला दिसण्याजोगं व्हायला तीन दिवसांपासून दोन-तीन आठवडेही लागू शकतात. मग त्याच्या खडूच्या भुकटीसारख्या, प्लेटला घट्ट चिकटून बसलेल्या वसाहती येतात आणि झाकण उघडताच पावसाळी मातीचा वास येतो. पहिल्या पावसाचा वास ज्या जातीच्या जिवाणूंमुळे येतो, त्यांचाच हा भाऊबंद. (प्लेटचा वास मुद्दाम घेऊ नये. का, ते पुढे येईल.) बुरशीसाठी साबूरो यांच्या नावाच्या माध्यमाच्या नळ्या चार चार आठवडे ठेवतात, एक जोडी 25 अंशांवर, एक 37 वर.

आता पायापासून उठून कोकणपट्टीत येऊ.

पावसाळा सुरू आहे. चिखलणी, लावणी झालेली. पन्नाशीतला एक माणूस, शुगर बरीच वर्षं वाढलेली, पंधरा दिवस तापाने फणफणलाय. छातीच्या एक्स-रेत डाग, प्लीहेत गळवं. क्षय असेल म्हणून क्षयाची औषधं सुरू करण्याची तयारी चाललेली. रक्त कल्चरला पाठवलंय. आजकाल रक्ताची बाटली यंत्रात ठेवतात. आत काही वाढू लागलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, बाटलीच्या बुडाचा संवेदक ते ओळखतो आणि यंत्र आवाज देतं. दुसऱ्या दिवशी आवाज आला. स्लाइडवर ग्रॅमच्या रंगात गुलाबी दांडे, दोन्ही टोकं गडद आणि मधलं अंग फिकं, बंद केलेल्या सेफ्टी पिनेसारखे. प्लेटवर वसाहती आल्या, ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, ग्रॅम निगेटिव्ह, साखर आंबवत नाही: घाईच्या प्रयोगशाळेत याचं उत्तर एकच असतं, 'स्यूडोमोनास स्पीशीज'. हा 'स्पीशीज' शब्द मोठा सोयीचा. पुढचं नाव शोधायचं राहून गेलंय, ही कबुली तो शास्त्रीय थाटात देतो.

त्या शब्दामागे 'बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय' लपलेला असू शकतो. आजाराचं नाव मेलिऑइडोसिस. आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी या दोघांनी तो रंगूनच्या रुग्णालयात शवविच्छेदनं करताना 1911 साली प्रथम ओळखला. मॉर्फिनच्या सुया टोचून घेणारी, उपासमारीने खंगलेली माणसं मरत होती आणि त्यांच्या फुप्फुसांत, यकृतात, प्लीहेत गळवं सापडत होती. जंतू घोड्यांच्या 'ग्लँडर्स' रोगाच्या जंतूसारखा दिसे. पण या माणसांचा घोड्यांशी संबंध नव्हता. शिवाय ग्लँडर्सचा जंतू जागचा हलत नाही आणि हा चांगला वळवळत होता, वाढतही झपाट्याने होता. व्हिटमोर यांनी जवळचं नाव चिकटवून विषय संपवला नाही, दोन बारीक फरकांवर बोट ठेवून हा निराळाच आहे असं म्हटलं. मला हे सगळं प्रकरण त्यासाठी आवडतं.

हा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. भारतातला माणसातला पहिला नोंदवलेला रुग्ण 1991 साली मुंबईतून प्रसिद्ध झाला, तो एक लहान मुलगा होता. पुढे उडुपी, मणिपाल, मंगळूर या किनारी पट्ट्यातून इतके रुग्ण निघाले, की तिथे याला दुर्मीळ म्हणणं अवघड झालं. गोव्यातही रुग्ण सापडले आहेत. मणिपालच्या पावसात आणि सिंधुदुर्गाच्या पावसात असा कितीसा फरक? भाताची खाचरं तीच, मातीही बरीचशी तशीच, आणि मधुमेह तर दोन्हीकडे घरोघरी. शोधणारे जिथे बसले तिथे रुग्ण सापडले, हे या नकाशाकडे पाहताना ध्यानात ठेवलेलं बरं.

हा जंतू पकडायला महागडं काही लागत नाही. औषधांच्या तीन चकत्या पुरतात. नेहमीचा 'स्यूडोमोनास एरुजिनोसा' कोलिस्टिनला मरतो, जेंटामायसिनलाही बहुधा मरतो, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटला मुळीच जुमानत नाही. हा बरोबर उलटा वागतो: कोलिस्टिनच्या चकतीला चिकटून उगवतो, जेंटामायसिनलाही बहुतेक ठिकाणी दाद देत नाही, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटच्या चकतीभोवती मात्र मोकळं रिंगण पडतं. रोजच्या सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटवर हे रिंगण डोळ्यांसमोर असतं. फक्त असा उलटा नमुना दिसल्यावर थबकायला हवं. ॲशडाउन यांचं जेंटामायसिन घातलेलं माध्यम वापरलं, तर इतर जंतू मागे पडतात आणि चार-पाच दिवसांत याच्या जांभळट, सुरकुतलेल्या, वाळक्या फुलासारख्या वसाहती दिसतात. जिथे सोय आहे तिथे काही मिनिटांत उत्तर देणारी पट्टीही असते, गरोदरपणाच्या चाचणीसारखी. वास घेऊ नका म्हटलं ते यासाठी. हा जंतू श्वासावाटे शिरतो, म्हणून संशय आला की प्लेट उघड्या टेबलावरून उचलून सेफ्टी कॅबिनेटमध्ये न्यायची.

एकच कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून मात्र सुटका नाही. कल्चरमध्ये हा साधारण दहातल्या सहा रुग्णांतच सापडतो. म्हणून रक्त, लघवी, थुंकी, घशाचा स्वॅब, गळवातला पू असं सगळं पाठवायचं, आणि पुन्हा पाठवायचं. नाव लागलं की उपचार पार बदलतो: सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून निदान दहा ते चौदा दिवस, आणि नंतर को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या निदान तीन महिने. गोळ्या मधेच सोडल्या तर आजार परत उलटू शकतो.

इथवर माणसाचा डोळा होता. आता यंत्राकडे वळू, कारण हल्ली मोठ्या प्रयोगशाळांत नाव यंत्रच सांगतं.

एक पिढी आधीची यंत्रं जंतूच्या खाण्यापिण्यावरून नाव ठरवत. प्लास्टिकच्या एका पट्टीत किंवा पत्त्यात काही डझन खळगे. प्रत्येकात वेगळी साखर, वेगळं आम्ल. जंतू कुठली साखर खातो आणि कुठली नाही, याचा नमुना बनतो आणि यंत्र तो आपल्या यादीशी ताडून पाहतं. यादीत ज्याच्याशी सर्वांत जास्त जमेल, ते नाव छापून येतं. 'सर्वांत जास्त जमेल' या शब्दांत सगळी मेख आहे. यादीत नसलेला जंतू आला, तरी बरीच यंत्रं 'ओळखत नाही' म्हणण्याऐवजी शेजाऱ्याचं नाव सांगून मोकळी होतात.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 'कँडिडा ऑरिस'. 2009 साली टोकियोतल्या एका रुग्णाच्या कानातून निघालेल्या यीस्टला जपानी संशोधकांनी हे नाव दिलं. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. कानातलं यीस्ट म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. मग 2013 साली दिल्लीहून अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. कानाचा प्रश्नच नव्हता, यीस्ट रुग्णांच्या रक्तापर्यंत पोचलेलं होतं, आणि नेहमी वापरतात त्या फ्लुकोनाझोलला ते अजिबात दाद देत नव्हतं. यंत्राचं म्हणणं होतं, 'कँडिडा हेम्युलोनिआय'. दुसऱ्या पद्धतीची पट्टी याच यीस्टला 'ऱ्होडोटोरुला ग्लुटिनिस' म्हणे. ते तर लालसर वसाहतींचं यीस्ट, आणि प्लेटवरच्या या वसाहती पांढऱ्या! रंग डोळ्यांना दिसत असताना कागदावरचं नाव खरं मानायचं का, हा प्रश्न ज्यांना पडला, त्यांनी पुढे तपास केला.

इथेही साधा उपाय हाताशी होताच. संशयित यीस्ट 42 अंशांवर ठेवून पाहायचं. हेम्युलोनिआय तिथे उगवत नाही, ऑरिस आरामात उगवतं. नाव चुकल्याची किंमत एका रुग्णापुरती राहत नाही. बहुतेक कँडिडा माणसाच्या स्वतःच्या आतड्यातून रक्तात जातात. ऑरिस मात्र कातडीवर, खाटेच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर टिकून राहतं आणि आयसीयूत एका रुग्णावरून दुसऱ्यावर जातं. रुग्णालयांत फरशी पुसायला वापरतात ती कित्येक जंतुनाशकं त्याच्यावर कमी पडतात, क्लोरीनची लागतात. त्यामुळे 'हेम्युलोनिआय' असा रिपोर्ट आला, की फरशीसुद्धा चुकीच्या पाण्याने पुसली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2022 मध्ये माणसाला घातक अशा 19 बुरश्यांची अग्रक्रमाने यादी केली, तेव्हा सर्वांत वरच्या गटातल्या चारांत ऑरिस होतं.

आता बहुतेक मोठ्या ठिकाणी मॅल्डी-टॉफ नावाचं यंत्र आलंय. वसाहतीचा कण काडीने पोलादी पाटीवर फासतात, वर एका सेंद्रिय आम्लाचा थेंब टाकून वाळवतात. त्यावर लेसरचा झोत पडला, की जंतूची प्रथिनं विद्युतभारित होऊन निर्वात नळीतून धावत सुटतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. कोण किती वेळात पोचलं याचा आलेख बनतो, आणि हा आलेख प्रत्येक जातीचा आपला असतो. धावणाऱ्यांत बहुतेक रायबोझोमची प्रथिनं असतात, कारण वाढत्या पेशीत तीच भरपूर. रेणूंना न मोडता असं उडवण्याच्या युक्तीसाठी कोइची तानाका यांना 2002 साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. रात्रभराचं काम हे यंत्र काही मिनिटांत उरकतं. पण तेही शेवटी ताडूनच पाहतं. सुरुवातीच्या काळात त्याच्या संग्रहात ऑरिसचा आलेख नव्हता, तेव्हा तेही गडबडत होतं. आलेख घातल्यावर तेच यंत्र ऑरिसला लगेच ओळखू लागलं.

यंत्राने दिलेला जुळणीचा आकडा कमी आला, किंवा नाव आणि रुग्ण यांचं जमेना, की डीएनएकडे जातात. जिवाणूंत 16 एस नावाचा साधारण दीड हजार अक्षरांचा जनुकाचा तुकडा वाचतात. एखाद्या आरतीसारखी त्याची रचना आहे: ध्रुवपद सगळीकडे एकच, कडवी मात्र ज्याची त्याची वेगळी. एकसारख्या भागाला धरून पीसीआरने तुकड्याच्या प्रती काढायच्या आणि मधल्या वेगळ्या कडव्यांवरून कुळ ओळखायचं. बुरशीत याच कामाला आयटीएस हा पट्टा वापरतात. यीस्टसाठी 28 एस जनुकाचा एक भागही. टोकियोतलं यीस्ट नवं आहे, हे याच दोन पट्ट्यांवरून ठरलं. मात्र इथेही डोळे मिटून चालत नाही. कोकणातल्या त्या रुग्णाचा जंतू आणि त्याचा निरुपद्रवी चुलतभाऊ 'बर्कहोल्डेरिया थायलँडेन्सिस' यांची 16 एसची कडवी जवळजवळ सारखी असतात; तिथे फक्त स्यूडोमॅलिआयकडेच असलेल्या जनुकावर बेतलेली पीसीआर करावी लागते. शिवाय पीसीआर इतकी नाजूक, की हवेतल्या कणाच्याही प्रती काढून देते. म्हणजे ती गुलाबी बुरशी इथेही पुन्हा दारात उभी.

ती दोषी नाही हे आज कसं ठरवलं असतं? नमुना मुळात निर्जंतुक जागेतला होता का? वेगवेगळ्या दिवशीच्या नमुन्यांतून तोच जीव येतोय का? प्लेटवर ती जिथे नमुना फासला त्या रेघेवर उगवली, की कोपऱ्यात एकटीच? आणि सर्वांत वजनदार पुरावा: मांसाच्या तुकड्यात, कल्चर व्हायच्या आधी, तसेच तंतू दिसले होते का? 2021 साली म्युकरमायकोसिसच्या लाटेत हा पुरावा किती मोलाचा, ते आपल्याकडच्या कान-नाक-घसा विभागांनी रोज अनुभवलं. देशात तेव्हा 40 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. नाकाच्या नुसत्या स्वॅबवर म्युकर उगवला, तर तो हवेतूनही आलेला असू शकतो. पण सायनसमधल्या काळवंडलेल्या तुकड्यात केओएचखाली रुंद, फितीसारखे, पडदे नसलेले, काटकोनात फांद्या फुटणारे तंतू दिसले, की शंका संपली. त्या घटकेला ॲम्फोटेरिसिन सुरू करायचं आणि शल्यविशारदाला बोलवायचं. या बुरशीचे तंतू पडद्याविना पोकळ, म्हणून तुकडा खलबत्त्यात कुटला तर ते मरतात. बारीक कापून लावायचा असतो. चांगला उगवला असता असा तुकडा निव्वळ सवयीने कुटून वाया जातो, तेव्हा वाईट वाटतं.

या घराण्यातल्या दोन बुरश्या मात्र उगवूनही नाव सांगत नाहीत. एक 'सॅक्सेनिया', एस. बी. सक्सेना यांनी 1953 साली सागरजवळच्या पथरिया जंगलातल्या मातीतून काढलेली. दुसरी 'ॲपोफिसोमायसिस', तीही उत्तर भारतातल्या मातीत प्रथम सापडलेली. अपघातात रस्त्याची माती जखमेत गेली, किंवा इंजेक्शनच्या जागी घाण गेली, की या शिरतात आणि मांस झपाट्याने कुजवत जातात. प्लेटवर लावल्या, की दोन-तीन दिवसांत पांढऱ्या कापसाने प्लेट भरते. पण भिंगाखाली नुसते तंतू. बीजाणू नाहीत, बीजाणूंची थैली नाही. आणि या घराण्यात ओळख पटते ती थैलीवरूनच. साबूरोवर पोटभर खायला मिळालेल्या बुरशीला बीज धरायची घाई नसते.

यावरचा तोडगा 1988 साली अटलांटाच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेतून अरविंद पाध्ये आणि लिबेरो अजेलो यांनी प्रसिद्ध केला. अमेरिकेला जाण्यापूर्वी पाध्ये पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते आणि थिरुमलाचार या सहकाऱ्यांसोबत त्यांनी इथल्या मातीतून कार्टर यांच्या काळ्या दाण्याची बुरशी, म्हणजे मॅड्युरेला, वेगळी काढली होती. त्यांची युक्ती कुठल्याही तालुक्याच्या प्रयोगशाळेत जमेल अशी आहे. बुरशी उगवलेल्या माध्यमाचा छोटा चौकोनी तुकडा कापायचा, निर्जंतुक पाण्याच्या प्लेटमध्ये सोडायचा, त्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्टचे अगदी थोडे थेंब घालायचे आणि 37 अंशांवर ठेवून द्यायचं. उपासमार झाली, की बुरशी पुढच्या पिढीची तजवीज करू लागते. साधारण आठवड्याभरात पाण्यावर तरंगणाऱ्या तंतूंचा एक पुंजका चिमट्याने उचलायचा, निळ्या रंगाच्या थेंबात पसरायचा, वर काच ठेवायची.

लांब मानेची, बुडाशी फुगलेली सुरई दिसली, तर ती सॅक्सेनिया. थैलीखाली घंटेसारखा फुगलेला दांडा दिसला, तर ॲपोफिसोमायसिस. रुग्णाचं औषध तोवर आठवडाभर आधीच, त्या पहिल्या केओएचवर सुरू झालेलं असतं आणि दोन शस्त्रक्रियाही झालेल्या असतात. तरीही प्रयोगशाळेतलं कुणी तरी वॉर्डात फोन लावतं, नाव सांगतं, पलीकडच्या रेसिडेंटला त्याचं स्पेलिंग दोनदा सांगावं लागतं. मग विचारतं, जखमेत माती कुठली गेली होती, ते पेशंटच्या नातेवाइकांना विचारून फॉर्मवर लिहाल का?